‘संभाव्य उपयुक्तता : चांगली’

१८५० च्या सुमारास स्थलांतरितांचे जहाज सिडनीच्या बंदरात नांगर टाकून उभे राहिले, की सरकारी अधिकारी त्यावर चढत आणि एकेका प्रवाशाला समोर बोलावून मोठ्या वहीतील रकाने भरत. नाव, वय, जन्मगाव, आईवडिलांची नावे आणि ते हयात आहेत का, धर्मपंथ, लिहितावाचता येते का, या वसाहतीत कोणी नातेवाईक आहे का, प्रकृती कशी आहे, आणि जहाजावरील वागणुकीबद्दल काही तक्रार आहे का, अशी ती साधारण विचारपूस होती. यांतील प्रकृतीचा रकाना जरा निरखून पाहण्यासारखा आहे, कारण त्याचे शीर्षक नुसते ‘प्रकृती’ असे नव्हते. ‘शारीरिक आरोग्य, बळ आणि संभाव्य उपयुक्तता’ असे ते होते. बैलबाजारात दात पाहून आणि वशिंड चाचपून जे ठरवतात, तेच येथे दौत आणि टाक घेऊन ठरवले जात होते, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या नावापुढे ‘चांगली’ असा एक शब्द लिहून अधिकारी पुढच्या ओळीकडे वळत होता.

१८४८ ते १८५० या अवघ्या दोन वर्षांत अशा ४,११४ मुली आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियाला पाठवण्यात आल्या. त्या अनाथ होत्या, आयर्लंडच्या वर्कहाउसमधून, म्हणजे निराधारांसाठीच्या सरकारी घरांतून, निवडलेल्या होत्या, आणि त्यांना नेणारी जहाजे वीस होती. ही योजना दान होती, की मजूरभरती, की वसाहतीत संसार उभे राहावेत म्हणून केलेली वधूंची सोय, हा वाद तेव्हाही झाला आणि आजही होतो. माझ्या मते ती एकाच वेळी तिन्ही होती, आणि म्हणूनच ती समजायला अवघड जाते. ती उलगडण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्या वहीतील एका मुलीची ओळ घेऊन तिचे रकाने वाचणे. प्रत्येक मुलीची कथा वेगळी होती हे खरे. तरी या ओळी एकमेकींसारख्या इतक्या आहेत, की एकीवरून पुष्कळ कळते.

आईवडील : दोघेही मृत

१८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख भरली होती. १८५१ मध्ये ती सुमारे साडेपासष्ट लाख उरली. मधल्या काळात सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या तापाच्या व हगवणीच्या साथींनी मेली, आणि त्याहूनही काहीशी अधिक देश सोडून गेली. या सगळ्याची सुरुवात बटाट्यावरील रोगाने झाली, परंतु एका पिकाच्या रोगाने एवढा देश कसा मोडून पडला, हे समजण्यासाठी तेथील जमिनीची व्यवस्था पाहावी लागते.

आयर्लंडमधील बहुतेक जमीन मोठ्या जमीनदारांच्या मालकीची होती आणि त्यांतील कित्येक जण इंग्लंडमध्ये राहून खंड गोळा करीत. त्यांच्याकडून मोठे शेतकरी जमीन घेत, त्यांच्याकडून लहान शेतकरी, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर असलेल्या शेतमजुराला मजुरीच्या बदल्यात झोपडीपुरती जागा आणि बटाटे लावण्यापुरता तुकडा मिळे. एवढ्याशा तुकड्यात वर्षभर कुटुंबाचे पोट भरू शकणारे पीक एकच होते. कष्टकरी गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई आणि त्यावर ताक पिई. त्या अन्नात पोषण भरपूर होते, म्हणून लोक धडधाकट होते आणि कुटुंबे मोठी होती. ओट्स, गहू, लोणी, डुकरे हेही त्या देशात पिकत आणि पोसले जात, पण ते खंडासाठी आणि इंग्लंडच्या बाजारासाठी. गरिबाचे ताट आणि देशाची निर्यात यांचा एकमेकांशी संबंध उरलेला नव्हता.

१८४५ च्या सप्टेंबरमध्ये बटाट्याच्या पानांवर करपा दिसू लागला. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात बटाटा लावणारा शेतकरी ज्याला ‘उशिराचा करपा’ म्हणतो आणि ढगाळ, दमट हवा पडली की ज्याच्या धास्तीने फवारणी करतो, तोच हा रोग. तेव्हा मात्र त्याचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते आणि औषधही नव्हते. पहिल्या वर्षी पिकाचा काही भाग गेला, १८४६ मध्ये जवळजवळ सगळेच पीक कुजले, १८४७ मध्ये रोग कमी होता तर लावायला बेणेच उरले नव्हते, आणि १८४८ मध्ये करपा पुन्हा आला. ओट्स आणि गुरे या काळातही बंदरांतून बाहेर जातच होती.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येत नाही. अमेरिकेतून मका आणला गेला, ज्याला आयरिश लोक ‘इंडियन मील’ म्हणत. त्यातील ‘इंडियन’ म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेचे मूळ रहिवासी. रस्तेबांधणीची कामे काढली गेली. १८४७ च्या उन्हाळ्यात तर सूप वाटणाऱ्या केंद्रांतून एका वेळी तीस लाखांच्या आसपास लोकांना रोज अन्न मिळत होते, आणि एवढे मोठे काम करता येते हे त्यातून सिद्धही झाले होते. तरी ती केंद्रे त्याच वर्षी बंद करण्यात आली, कारण फुकट अन्नाने लोक आळशी होतात आणि बाजारात सरकारने ढवळाढवळ करू नये, हा त्या काळच्या लंडनमधील ठाम विचार होता. तिजोरीच्या कारभाराची सूत्रे ज्यांच्या हाती होती ते चार्ल्स ट्रेव्हेल्यन तरुणपणी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दिल्ली आणि कलकत्त्यात राहिलेले होते आणि पुढे, १८५९ मध्ये, मद्रासचे गव्हर्नर होऊन पुन्हा हिंदुस्थानात आले. योगायोग असा, की आयर्लंडसाठी परदेशातून सर्वांत आधी निघालेल्या वर्गणींपैकी एक कलकत्त्याची होती. १८४६ मध्ये तेथून सुमारे १४,००० पौंड गोळा झाले, आणि मुंबईतही वर्गणी जमली. १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळात मदतकामावरील मजुराला किती कमी दिले तर तो जेमतेम जगेल, याचे जे हिशेब झाले, त्यांमागील विचारसरणीही फार दूरची नव्हती.

सूपकेंद्रे बंद झाल्यावर सगळा भार वर्कहाउसवर आला. वर्कहाउस म्हणजे १८३८ च्या कायद्याने आयर्लंडभर बांधलेली निराधारांची घरे. ‘घर’ हा शब्द येथे सैलपणाने वापरला आहे, कारण तेथे कोणाला राहावेसेच वाटू नये अशा बेताने त्यांचे नियम केलेले होते. आत पाऊल टाकताच कुटुंब मोडे: पुरुष एका भागात, स्त्रिया दुसऱ्या, मुलगे तिसऱ्या आणि मुली चौथ्या भागात. अंगावरचे कपडे काढून घेत आणि संस्थेचा गणवेश देत. गडी खडी फोडत, मुली धुणे, शिवणे आणि विणणे करीत, आणि खायला बहुधा मक्याच्या पिठाची पेज मिळे. १८४७ मध्ये त्यात आणखी एका कलमाची भर पडली, की पाव एकराहून, म्हणजे दहा गुंठ्यांहून अधिक जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत मिळणार नाही. दहा गुंठ्यांवरची जमीन सोडून द्यावी तर पुढच्या वर्षी परतायला ठिकाण नाही, आणि धरून ठेवावी तर आजच पोटात काही नाही, अशा पेचात लक्षावधी लोकांनी जमिनी सोडल्या. जमीनदारांना त्या रिकाम्या हव्याच होत्या. सुरुवातीला जेमतेम लाखभर माणसांसाठी बांधलेल्या या इमारतींत १८५० पर्यंत अडीच लाखांहून अधिक माणसे कोंबली गेली, आणि त्यांतील फार मोठा भाग मुलांचा होता.

आपल्या ओळीतील मुलगी त्यांपैकी एक. वडील रस्त्याच्या कामावर तापाने गेले असतील, आई वर्कहाउसच्याच आजारखोलीत गेली असेल. सगळ्याच मुली अगदी अनाथ होत्या असे नाही. काहींचे वडील किंवा आई जिवंत होती, पण सांभाळण्याच्या स्थितीत नव्हती, आणि ‘अनाथ’ या शब्दात त्यांनाही बसवण्यात आले.

वसाहतीतील नातेवाईक : नाहीत

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियातील वसाहतींची अडचण अगदी उलट होती. ब्रिटनने १७८८ पासून ऐंशी वर्षांत तेथे सुमारे १,६०,००० कैदी पाठवले आणि त्यांत स्त्रिया सुमारे २५,००० होत्या. सिडनी ज्या न्यू साउथ वेल्स वसाहतीत होते, तेथे कैदी पाठवणे १८४० मध्ये थांबले, परंतु पुरुषांची गर्दी आणि स्त्रियांचा तुटवडा मागे राहिला. मेंढपाळीचा धंदा वाढत होता, घरकामाला मोलकरीण मिळत नव्हती, आणि लग्नाला मुलगी त्याहूनही मिळत नव्हती.

त्या वेळी ब्रिटिश सरकारात वसाहतींचे मंत्री होते तिसरे अर्ल ग्रे. चहाच्या डब्यावर ज्यांचे नाव दिसते ते त्यांचे वडील, दुसरे अर्ल ग्रे. या मंत्र्यांनी दोन अडचणी एकमेकींसमोर ठेवून दोन्ही सोडवायचे ठरवले: आयर्लंडच्या वर्कहाउसमध्ये वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या मुली ऑस्ट्रेलियाला पाठवायच्या. वर्कहाउस चालवणाऱ्या स्थानिक मंडळांनी मुलींचे कपडे आणि इंग्लंडमधील प्लिमथ बंदरापर्यंतचा प्रवास यांचा खर्च करायचा, कारण एकदा केलेल्या त्या खर्चाने पुढील कित्येक वर्षांचा पोटखर्च वाचत होता. समुद्रप्रवासाचा मोठा खर्च वसाहतींच्या खजिन्यातून, म्हणजे तेथील सरकारी जमीन विकून आलेल्या पैशातून करायचा.

या शेवटच्या वाक्यापाशी थोडे थांबायला हवे. ती ‘सरकारी जमीन’ मुळात कोणाची होती? हजारो वर्षे तेथे राहणाऱ्या आदिवासी समाजांची. ती त्यांच्याशी कोणताही व्यवहार न करता ताब्यात घेतली, मेंढपाळांना विकली, आणि त्या पैशातून दुसऱ्या एका देशातील जमीन सुटलेल्या लोकांच्या मुली आणून तेथे वसवल्या. मुलींना यातील काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्यांच्या तिकिटाचे पैसे कोठून आले, याचे खरे उत्तर हे आहे.

निवड स्वेच्छेने होत असे, निदान कागदावर तरी. १४ ते १८ वर्षांची, निरोगी, देवी टोचलेली आणि चांगल्या वर्तनाची मुलगी हवी, अशा अटी होत्या. सरकारी अधिकारी वर्कहाउसला भेट देऊन मुलींना रांगेत उभे करी आणि निवड करी. चौदा वर्षांच्या मुलीला ऑस्ट्रेलिया कोठे आहे हे कितपत समजले असेल, हा प्रश्न आहेच. तरी वर्कहाउसमधील आणखी एक पेजेची रात्र आणि अनोळखी देश यांत तिने दुसरे निवडले, ते मूर्खपणाने निवडले असे मानायला मी तयार नाही. काही ठिकाणी बहिणी-बहिणी एकत्र गेल्या, आणि नातेवाईकांच्या रकान्यात मग ‘बहीण, याच जहाजावर’ अशा अर्थाची नोंद दिसते. आयर्लंडच्या बत्तीसही काउंटींमधून, म्हणजे जिल्ह्यांमधून, एकूण ११८ वर्कहाउसमधून या मुली आल्या. दुष्काळाने ज्याचे नाव कुप्रसिद्ध झाले त्या स्किबरीनच्या वर्कहाउसमधून ११० गेल्या. उत्तरेकडील अल्स्टरच्या मुलींत प्रॉटेस्टंटही होत्या. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बहुतेक सगळ्या कॅथलिक, आणि डिंगलसारख्या भागातील कित्येकींची मायबोली इंग्रजी नव्हे तर आयरिश होती.

प्रत्येकीला कुलपाची लाकडी पेटी मिळे आणि त्या पेटीवर तिचे नाव रंगवलेले असे. आत सहा अंतर्वस्त्रे, दोन फ्लॅनेलचे परकर, सहा जोड पायमोजे, दोन जोड बूट, दोन झगे, त्यांतील एक उबदार कापडाचा, आणि तिच्या तिच्या पंथाचे बायबल. आज ही यादी किरकोळ वाटते. पण वर्कहाउसमध्ये स्वतःच्या कपड्यावरही जिचा हक्क नव्हता, तिच्या दृष्टीने स्वतःच्या नावाची आणि स्वतःजवळ किल्ली असलेली पेटी ही आयुष्यातील पहिली मालमत्ता होती.

प्लिमथपासून सिडनीपर्यंतचा प्रवास शिडाच्या जहाजाने साधारण चार महिन्यांचा होता. १८४७ मध्ये कॅनडाकडे गेलेल्या आयरिश स्थलांतरितांची जहाजे तापाने इतकी भरली होती की लोक त्यांना शवपेट्या म्हणत. या मुलींच्या जहाजांवर मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी राहिले. ही किमया कोणा एकाच्या दयाबुद्धीची नव्हती. जहाजावर सर्जन-अधीक्षक नेमलेला असे आणि त्याचा मोबदला जिवंत उतरवलेल्या माणशी ठरत असल्यामुळे बिछाने सुकवणे, डेक घासणे आणि जंतुनाशक शिंपडणे यांत कुचराई होत नसे. मुलींवर देखरेख करायला मेट्रन असे. खारवलेले मांस, बिस्किटे, पीठ, चहा आणि साखर असा शिधा ठरलेला होता, आणि वर्कहाउसच्या मानाने तो भरघोस होता. संध्याकाळी हवा चांगली असली की मुली डेकवर नाचत. या जहाजांतील एकाचे नाव चक्क ‘टिपू साहिब’ होते. श्रीरंगपट्टणच्या सुलतानाचे नाव धारण करणारे ते जहाज १८५० च्या जुलैमध्ये आयरिश मुलींना घेऊन सिडनीला लागले. साम्राज्य आपण पराभूत केलेल्या शत्रूंची नावेही अशी कामाला लावत असे.

संभाव्य उपयुक्तता : चांगली

पहिले जहाज ६ ऑक्टोबर १८४८ रोजी सिडनीला पोहोचले. त्याचे नाव योगायोगाने मंत्र्यांच्या नावासारखेच ‘अर्ल ग्रे’ असे होते, आणि त्यावरच्या मुली बहुतांशी अल्स्टरच्या होत्या. ते बंदरात शिरते न शिरते तोच वाद पेटला. जहाजाचे सर्जन हेन्री ग्रॅटन डग्लस यांनी अल्स्टरमधील बेलफास्ट शहराच्या मुलींवर शिवराळ भाषेचा, चोरीचा आणि बदफैलीपणाचा आरोप केला. सिडनीतील चौकशीने तो बराचसा उचलून धरला आणि त्यांतील कित्येक मुलींना शहरात न ठेवता दूरच्या वस्त्यांत पाठवण्यात आले. इकडे आयर्लंडमध्ये त्याच आरोपांची वेगळी चौकशी झाली आणि तिने त्यांतील बरेच खोडून काढले; परंतु एवढ्या अंतरावरून पत्र जायला-यायला आठ महिने लागत, तोवर ‘बेलफास्टची मुलगी’ ही वसाहतीत शिवी झालेली होती.

सिडनीत मुलींना हाइड पार्क बॅरॅक्समध्ये उतरवले जाई. ही विटांची तीन मजली इमारत १८१९ मध्ये पुरुष कैद्यांसाठी उघडली होती आणि ती आताच रिकामी करून मुलींसाठी सज्ज केली होती. एकूण मुलींपैकी २,२५३ सिडनीला, १,२५५ पोर्ट फिलिपला, म्हणजे आजच्या मेलबर्नला, आणि ६०६ ॲडलेडला उतरल्या. ठरलेल्या दिवशी मालक आणि मालकिणी येत, मुलींची पाहणी करीत, आणि करारनामा होई. कमी वयाच्या मुलींची पालकसत्ता शासनाने नेमलेल्या समितीकडे असे, पगार वयानुसार वर्षाला साधारण ७ ते १० पौंड, राहणे-खाणे मालकाकडे, आणि कराराच्या मुदतीत लग्न करायचे तर पालक-समितीची परवानगी.

मराठी वाचकाला येथे ‘गिरमिट’ आठवेल, आणि ते योग्यच आहे, कारण त्याच दशकांत हिंदुस्थानातून मॉरिशसकडे आणि कॅरिबियन बेटांकडे करारबद्ध मजूर जात होते. दोन्हींत साम्य आहे: दूर देश, ठरावीक मुदत, काम सोडले तर कायद्याचा बडगा. फरकही मोठा आहे. आयरिश मुलगी गोऱ्या समाजात गोरी म्हणून उतरत होती. करार संपला की ती त्या समाजात विरघळून जाऊ शकत होती, आणि तिच्यासाठी ती वाट मुद्दामच मोकळी ठेवलेली होती. गिरमिटियाच्या वाट्याला ती सवलत कधी आली नाही.

तक्रारी मात्र लगेच सुरू झाल्या. मुलींना स्वयंपाक येत नाही, इस्त्री येत नाही, चिनी मातीची भांडी फोडतात, उलट उत्तरे देतात, अशा त्या होत्या. मालकिणींना राग येणे समजण्यासारखे आहे, पण कारणही तेवढेच उघड आहे. मुलगी वाढली ती एका खोलीच्या, धुराड्याविना झोपडीत, जेथे पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, जाळावर एकाच भांड्यात बटाटे उकडत. तेथून ती गेली वर्कहाउसमध्ये, जेथे शेकडोंची पेज एका मोठ्या कढईत शिजे. गालिचा झाडणे आणि चहाचे टेबल मांडणे ही कामे तिने आयुष्यात पाहिलेलीच नव्हती. भांडणे न्यायाधीशांपुढे जात आणि पुष्कळ करार रद्द होत. रद्द झालेला करार मालकाच्या तक्रारीने झाला असे नेहमी समजले जाते. प्रत्यक्षात पगार बुडवणारा, मारणारा किंवा रात्री दाराशी येणारा मालक असला तर त्याच्यापासून सुटका व्हावी म्हणून मुलीनेही उलट बोलून करार मोडून घेतला असण्याची शक्यता आहे, आणि कोर्टाच्या नोंदींत ‘उद्धट’ हा शब्द वाचताना ती ध्यानात ठेवलेली बरी.

तक्रारींच्या मुळाशी स्वयंपाकापेक्षा धर्म अधिक होता. सिडनीतील प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट शाखेचे धर्मगुरू जॉन डनमोर लँग यांनी, कॅथलिक मुली आणून प्रॉटेस्टंट पुरुषांशी लग्ने लावायची आणि पुढची पिढी पोपच्या पंखाखाली न्यायची हा कट आहे, असा प्रचार चालवला. मेलबर्नमध्ये ‘आर्गस’ या वर्तमानपत्राने मुलींवर इतके विष ओकले, की आयरिश समाजाला त्यांच्या बाजूने सभा घ्याव्या लागल्या. वसाहतींचा आणखी एक आक्षेप अगदी रोकडा होता: आमच्या जमिनीच्या पैशातून इंग्लंड-स्कॉटलंडचे लोक का येत नाहीत, आयर्लंडच्या गरिबांचा बोजा आम्ही का वाहायचा? या गदारोळात १८५० मध्ये योजना गुंडाळण्यात आली; शेवटचे जहाज ‘मारिया’ १ ऑगस्ट १८५० रोजी सिडनीला लागले.

या काळातील एका माणसाविषयी सांगायलाच हवे. ‘टॉमस आर्बथनॉट’ हे जहाज १८५० च्या फेब्रुवारीत आले, तेव्हा त्याचे सर्जन-अधीक्षक चार्ल्स स्ट्रट यांनी रोजनिशी ठेवलेली होती. या मुली मुख्यतः गॉलवे, क्लेअर आणि केरी या पश्चिमेकडील भागांतल्या. सिडनीत नोकऱ्या कमी होत्या, म्हणून त्यांतील शंभराच्या आसपास मुलींना आतल्या प्रदेशात न्यायचे ठरले, आणि स्ट्रट स्वतः त्यांच्याबरोबर निघाले. गाड्यांवर पेट्या आणि मुली, रात्री वाटेवर मुक्काम, असे करीत ते ‘यास’ नावाच्या गावी आणि तेथून गुंडागाई या गावापर्यंत, म्हणजे सिडनीपासून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आत गेले, आणि मुलींना घरे मिळवून देऊन मगच परतले. जहाजावर ‘माणशी मोबदला’ घेणारा हाच सर्जन; पण जमिनीवर उतरल्यावर त्याचा मोबदला संपला होता, हे लक्षात घेतले म्हणजे ही गाड्यांची वाट अधिक लांब दिसू लागते.

गुंडागाई ही विराजुरी समाजाची भूमी. मरमबिजी नदीच्या पुराच्या वाटेत गाव बांधू नका, असे तेथील लोकांनी गोऱ्या वसाहतवाल्यांना बजावले होते. त्यांनी ऐकले नाही. १८५२ च्या जूनमध्ये नदीने गाव धुऊन नेले, ऐंशीच्या आसपास माणसे गेली, आणि झाडांवर व छपरांवर अडकलेल्या साठ-सत्तर जणांना ज्यांनी झाडाच्या सालीच्या होड्यांतून रात्रंदिवस खेपा घालून वाचवले, ते यारी आणि जॅकी जॅकी हे दोघे विराजुरीच होते.

पुढे या मुलींचे काय झाले? नोंदी जुळवून अभ्यासकांनी जे सर्वसाधारण चित्र काढले आहे ते असे: मुलगी दक्षिणेकडील मन्स्टर प्रांतातली, कॅथलिक, उतरल्यापासून तीनेक वर्षांत, एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास तिचे लग्न झाले, नवरा बहुधा इंग्रज, तिच्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठा आणि दुसऱ्या पंथाचा, मुले नऊ. १८५१ मध्ये सोने सापडले आणि पुष्कळ जणी नवऱ्यांबरोबर खाणींच्या तंबूंत गेल्या. काही जमीनजुमल्याच्या मालकिणी झाल्या, काही बाळंतपणात गेल्या, काही दारू आणि रस्ता यांच्या वाटेला लागल्या. सरासरी काढली की हे शेवटचे दोन गट बाजूला पडतात. नऊ मुलांच्या सरासरीत जी तिसऱ्या बाळंतपणात गेली तीही असते, आणि तिची गोष्ट सांगायला वंशज कमी उरतात. आज आपल्या खापरपणजीचा शोध घेणारी ऑस्ट्रेलियन कुटुंबे त्यांची असतात, ज्यांची घरे टिकली.

जहाजावरील वागणुकीबद्दल तक्रार : नाही

मुलींच्या स्वतःच्या शब्दांत फारच थोडे उरले आहे. अनेकींना लिहिता येत नव्हते, आणि पत्र लिहावे तर आयर्लंडमध्ये ते वाचणारे कोणी नव्हते. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते सर्जननी, न्यायाधीशांनी, संपादकांनी आणि कारकुनांनी. मात्र हाइड पार्क बॅरॅक्सच्या फळ्यांखाली दुसरे एक दप्तर तयार होत होते. त्या इमारतीत आधी स्थलांतरित मुली आणि स्त्रिया राहिल्या, आणि १८६२ ते १८८६ या काळात वरच्या मजल्यावर निराधार, आजारी स्त्रियांचा आश्रम होता. या सगळ्या वर्षांत उंदरांनी कापडाच्या चिंध्या, शिवणाचे तुकडे, कागद, जपमाळेचे मणी असे जे जे मिळेल ते ओढून बिळांत साठवले. फळ्या उचकटल्यावर पुरातत्त्वज्ञांना ते सापडले. सरकारने जतन केला तो मुलींच्या उपयुक्ततेचा हिशेब. त्यांच्या हातचे टाके जतन केले ते उंदरांनी.

त्याच बॅरॅक्सच्या भिंतीला लागून १९९९ मध्ये दुष्काळाचे स्मारक उभे राहिले. हुसेन आणि अँजेला वालामानेश या दांपत्याने ते घडवले. त्यांपैकी हुसेन स्वतः इराणमधून ऑस्ट्रेलियात स्थलांतरित झालेले. भिंतीच्या एका बाजूला मुलीचे टेबल, त्यावर ताट आणि शेजारी स्टूल. दुसऱ्या बाजूला रिकामा वाडगा. आणि काचेवर कोरलेली सुमारे ४०० मुलींची नावे, टोकाशी हळूहळू पुसट होत गेलेली.

वहीतील शेवटचा रकाना तक्रारीचा आहे. अधिकारी समोर, शेजारी जहाजाचा कप्तान आणि सर्जन, पाठीमागे रांगेत उभ्या दोनशे मुली, आणि किनाऱ्यावर न पाहिलेला देश, अशा स्थितीत चौदा वर्षांच्या मुलीला तो प्रश्न विचारला जाई. आणि कारकून ओळीमागून ओळीत एकच शब्द लिहीत जाई.